स्तोत्र ६० आणि १०८: हरलेल्या माणसांच्या तोंडी जमिनीचा दावा

स्तोत्रसंहितेतलं साठावं स्तोत्र उघडलंत, तर सुरुवातीला चक्क तक्रार दिसेल. लढाई हरलोय, देवाने टाकलंय, जमिनीला भेगा पडल्यात. आणि मधेच देव स्वतः बोलू लागतो, तेही जमीनमालकाच्या भाषेत. त्याची क्रियापदं वाटणीची आणि मोजणीची आहेत.

आता नावं बघा. शखेम यार्देन नदीच्या पश्चिमेला, सुक्कोथ पूर्वेला. गिलाद पूर्वेचा, मनश्शे वंश दोन्ही काठांवर. एफ्राईम म्हणजे उत्तरेचं राज्य, यहूदा दक्षिणेचं. सहा नावांत अख्खा देश बसवलाय! एफ्राईमला शिरस्त्राण म्हटलंय, यहूदाला राजदंड. दोन्ही वस्तू राजाच्या, पण इथे राजा देव आहे आणि वंश म्हणजे त्याच्या अंगाखांद्यावरची सामग्री. शेजारच्या मवाबच्या वाट्याला मात्र धुण्याचं भांडं आलंय. हा अपमान उघड आहे, भाषांतरात तो मऊ करू नये असं मला वाटतं.

डीएनएचे क्रम आपण एकाखाली एक लावून ताडतो ना, तसंच इथे करून बघू. स्तोत्र १०८ च्या १ ते ५ ओव्या स्तोत्र ५७ च्या शेवटाशी जुळतात, आणि ६ ते १३ स्तोत्र ६० च्या ५ ते १२ शी. किरकोळ फरक सोडले तर नवीन काहीच नाही. सुरुवातीची तक्रार काढून तिथे स्तुती जोडलीय.

ही जोडणी बरेच अभ्यासक बाबेलच्या बंदिवासानंतरची मानतात. तोवर गिलाद जाऊन काही शतकं झाली होती (अश्शूरने तो इ.स.पू. ७३२ च्या सुमारास घेतला), आणि दहाएक वर्षांत शोमरोन पडून एफ्राईमचं राज्यही संपलं होतं. तरी नावं तीच राहिली. काहींना यात नुसती जुन्या वैभवाची आठवण दिसते. मला ते पटत नाही. सातबाऱ्यावरचं नाव आणि प्रत्यक्ष वहिवाट यातला फरक आपल्याला चांगला माहीत आहे. इथे वहिवाट दुसऱ्याची असताना नाव मुद्दाम पुन्हा वाचून दाखवलंय.

आणि जोडणाऱ्याने एक गोष्ट कापली नाही. दाव्यानंतर लगेच येणारा प्रश्न, की देवा, तूच आम्हाला टाकलंस ना, आमच्या सैन्याबरोबर तू निघतच नाहीस ना, तो १०८ मध्येही, ११ व्या ओवीत, तसाच आहे.