परळीकडची पोरं घारापुरीत

"मुली पुढं! रांग मोडायची न्हाई!"

गेटवेच्या धक्क्यावर सरांची शिट्टी वाजते आणि निळ्या गणवेशातली चाळीसेक पोरं एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या उतरायला लागतात. पायऱ्या ओल्या आहेत, कडेला शेवाळ आहे. लाँच धक्क्याला लागलेली असली तरी स्थिर नाही. लाट आली की हातभर वर जाते, लगेच हातभर खाली बसते. खलाशी एक पाय लाँचवर आणि एक पायरीवर रोवून उभा आहे. तो प्रत्येक पोराचं मनगट धरतो, लाट वर येईपर्यंत थांबतो आणि नेमक्या त्या घटकेला आत ओढून घेतो. पोर किंचाळतं, आत पडतं, आणि मागच्याला ओरडून सांगतं, "भिऊ नको रं, काय होत न्हाई!"

जानेवारीतला शुक्रवार आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि शनिवार-रविवारी तिथं उभं राहायला जागा नसते, म्हणून मी असा मधला वार धरतो. आज मात्र लाँचमध्ये माझ्या दोन्ही बाजूंना सहल आहे. बीड जिल्ह्यातली, परळीच्या अलीकडच्या गावातली जिल्हा परिषदेची शाळा. एसटीची लाल गाडी त्यांना घेऊन आली आहे. काल त्यांनी राणीची बाग पाहिली. आज हे. उद्या पहाटे रायगडाकडे.

मुंबई बघायला कुणी आलं की मी त्याला आधी पाण्यावर नेतो. रस्त्यावरून ही मुंबई कळत नाही. तिथं नुसती गर्दी दिसते आणि उंच इमारती दिसतात. हे गाव इथंच का वाढलं, याचं उत्तर बंदरातल्या या निवांत, खोल पाण्यात आहे. लाँच धक्क्यापासून सुटते, वळसा घेते आणि गेटवे समोर येतो. तो खरं म्हणजे असाच, समुद्रावरून बघायचा आहे. त्याचं तोंड पाण्याकडे आहे, कारण येणारा माणूस पाण्यावरून येणार होता.

"राजा पंचम जॉर्ज इथं उतरला १९११ साली," सर लाँचच्या आवाजावर आवाज चढवून सांगतात. "पण तवा ही कमान झालीच नव्हती. पुरी झाली १९२४ ला. आन् १९४८ च्या फेब्रुवारीत गोऱ्यांची शेवटची पलटण ह्याच कमानीखालून बाहेर पडली. किती वर्षं झाली मधी?"

"चोवीस!" चारपाच आवाज एकदम येतात.

चोवीस वर्षं. शेजारचं ताज हॉटेल १९०३ पासून उभं आहे, म्हणजे कमानीपेक्षा जुनं. कमानीचा पिवळसर दगड सकाळच्या उन्हात उजळतो, आणि हळूहळू ती कमान, हॉटेल, त्यामागच्या इमारती सगळं एका पातळ धुरकट पडद्यामागे जातं.

सगळ्यांच्या अंगात नारिंगी लाईफ जॅकेट आहेत. लहान पोरांना ती गळ्यापासून गुडघ्यापर्यंत येतात. १८ डिसेंबर २०२४ ला याच वाटेवर नौदलाची एक स्पीडबोट प्रवाशांनी भरलेल्या बोटीवर आदळली आणि माणसं गेली. त्या दिवसाची आठवण ठेवून खलाशी प्रत्येकाचे पट्टे ओढून बघतो आहे. माझाही ओढतो. मला ते फार बरं वाटतं.

कुरव पक्षी आले आहेत. पांढऱ्या पंखांचे हे पाहुणे उत्तरेकडून हिवाळ्यापुरते येतात आणि लाँचच्या मागे घिरट्या घालत राहतात. वरच्या मजल्यावरून कुणीतरी वेफर भिरकावतं, पक्षी तो हवेतच टिपतो, टाळ्या पडतात. माझ्या शेजारची मुलगी दप्तरातून शेवेची पुडी काढते. मी तिला सांगतो, "नको टाकूस बाळा. त्यांना मासे मिळतात इथं. तळलेलं, खारवलेलं त्यांच्या पोटाला बाधतं." ती पुडीकडे बघते, पक्ष्याकडे बघते, मग शेव स्वतःच खाते आणि थोडी मला देते.

डावीकडे नौदलाच्या करड्या नौका. पुढे जवाहर बेट, त्याच्यावर तेलाच्या टाक्या, बाजूला नांगरलेलं लाल पोटाचं तेलवाहू जहाज. पलीकडे तुर्भ्याच्या अणुकेंद्राचा पांढरा घुमट, आणि लांबवर, पाण्यावर ओढलेल्या रेषेइतका बारीक, अटल सेतू. तो २०२४ च्या जानेवारीत सुरू झाला. लांबी जवळजवळ २२ किलोमीटर. पोरं तो बोटानं मोजायला जातात. बोट संपतं, सेतू संपत नाही.

तासाभरानं हिरवी टेकडी जवळ येते. हे शेतबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. म्हणजे मुंबईचं म्हणून बघतात ते हे ठिकाण मुंबईत नाहीच. ओहोटी आहे. धक्क्याच्या दोन्ही अंगाला चिखल उघडा पडला आहे, तिवरांची मुळं वर आली आहेत आणि चिखलात निवट्या टुणटुण उड्या मारत आहेत. मासा असून पाण्याबाहेर! सर आधी पोरांना पुढे ढकलतात, मग स्वतःच कठड्याला टेकून बघत राहतात. जेट्टीवरून छोटी आगगाडी जाते, पण तिच्यात बसायला कुणी तयार नाही. तिच्या बाजूनं पळण्यात जास्त मजा आहे.

पायऱ्यांवर निळ्या ताडपत्रीखाली दुकानं. शंखांच्या माळा, दगडी हत्ती, टोप्या. बोरं, चिंचा, मीठ-मसाला लावलेली कैरी. एका मावशींकडे मी ताक पितो. तेवढ्यात माकड एका पोराच्या हातातली पाण्याची बाटली हिसकावतं आणि झाकण फिरवून उघडतं. मावशी काठी आपटतात. गावाबद्दल विचारलं तर त्या आधी विजेचंच सांगतात. समोर मुंबई रात्रभर लखलखायची आणि बेटावर संध्याकाळी तीन-चार तास जनरेटर, मग अंधार. २०१८ च्या फेब्रुवारीत समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल आली, तेव्हा कुठे दिवा लागला. "आता फ्रिज आहे," त्या म्हणतात, आणि ताकाचा दुसरा पेला माझ्यापुढे ठेवतात. तो खरोखर थंड आहे.

वर पोचतो तर सरांनी पोरांना लेण्याच्या दाराशी थांबवलं आहे.

"आत गेल्यावर बोलायचं न्हाई. सरळ मधोमध जायचं, खाली बसायचं. मी सांगंस्तवर उठायचं न्हाई."

इथल्या कितीतरी मार्गदर्शकांना जे सुचत नाही ते या माणसाला सुचलं आहे. बाहेर लख्ख ऊन. आत पाऊल टाकलं की पहिली दोन मिनिटं काहीच दिसत नाही. जाड खांब, त्यांच्यामागे काळोख, त्यामागे आणखी खांब. लेण्याला उत्तरेकडे, पूर्वेकडे, पश्चिमेकडे वाटा आहेत, आणि महादेव मागच्या, दक्षिणेच्या भिंतीत आहे, दारापासून सुमारे ३९ मीटर आत. त्याच्यावर थेट ऊन कधी पडत नाही. उजेड बाजूंनी येतो, फरशीवरून घरंगळत येतो. त्यामुळे तो एकदम दिसत नाही. आधी खालचा ओठ, मग मिटलेल्या पापण्यांची कड, मग मुकुट.

पोरं फरशीवर बसली आहेत. मीही त्यांच्यामागे बसतो. मघाचा गलका कुठे गेला कळत नाही. बाजूनं एक मोठा गट येतो, प्रत्येक जण मूर्तीकडे पाठ करून उभा राहतो, फोन उंचावतो, निघून जातो. मला याचं वाईट वाटतं. तासभर समुद्र ओलांडून आलेल्या माणसानं या चेहऱ्यापुढे दहा मिनिटं तरी बसावं. त्याशिवाय तो दिसणारच नाही.

"दिसलं," पुढच्या रांगेतली एक मुलगी हळूच म्हणते.

"काय दिसलं?"

"तीन हायेत."

मग सर विचारत जातात आणि पोरं सांगत जातात. मधला शांत; डोळे मिटलेले, पण झोपलेला नाही. आपल्या डाव्या हाताचा रागीट, त्याला मिशी आहे, हातात साप आहे. उजव्या हाताचा बाईसारखा, मऊ, हातात कमळ. कुणी म्हणतं ब्रह्मा-विष्णू-महेश. सर मान हलवतात. "तिन्ही महादेवच. ह्याला सदाशिव म्हणत्यात. रागीट तो अघोर, कमळवाला वामदेव, मधला तत्पुरुष."

एक बारका पोरगा उठून उभा राहतो. "सर, पाठीमागं बी असंल की एक. भिंतीत."

सर थोडं थांबतात. "असंलच. महादेवाला पाच तोंडं. चौथं मागच्या डोंगरात, पाचवं वर. ती दिसत न्हाईत."

परळी वैजनाथाच्या पंचक्रोशीतली पोरं ही. महादेव त्यांच्या घरातला आहे. त्याच्याविषयी कसंही, काहीही विचारताना त्यांना संकोच वाटत नाही. अभ्यासकांनी पुष्कळ लिहून सांगितलं आहे ते या पोरानं भिंतीकडे बघून ओळखलं.

सर उठायची परवानगी देतात आणि पोरं पांगतात. पश्चिमेकडच्या वाटेला शिव-पार्वतीचं लग्न आहे. मुली तिथंच अडकतात. पार्वतीची मान खाली, बाप तिला पुढे आणतो आहे, ब्रह्मदेव भटजी होऊन होमाशी बसला आहे. "नवरीचा हात तुटलाय," एक जण हळहळते. त्याच्यासमोर अंधकासुराचा वध. शिवाचा जबडा ताणलेला, डोळे बाहेर आलेले, डोक्यावर ताणून धरलेलं हत्तीचं कातडं. अंधकाच्या रक्ताचा थेंब जमिनीवर पडला की नवा राक्षस उठतो, म्हणून खाली वाटी धरली आहे. गोष्ट ऐकून पोरं ती वाटी शोधतात. मूर्तीचा कंबरेखालचा भाग मात्र उरलेलाच नाही.

लिंगाच्या गाभाऱ्याला चार दारं आणि प्रत्येक दाराशी दोन द्वारपाल, तेही असेच फुटलेले. पोर्तुगीज सैनिकांनी इथं बंदुका चालवल्या असं सांगतात. मूर्ती निदान अर्ध्या तरी उरल्या. इथं एक शिलालेख होता; वाचता येईल या आशेनं तो पोर्तुगालला पाठवला आणि तो तिथं हरवला. त्यावर कदाचित खोदणाऱ्यांचं, खोदवून घेणाऱ्यांचं नाव असेल. सहाव्या शतकाचा मध्य, राजे बहुधा कलचुरी, एवढ्यावर आपण थांबतो. एवढी थोर गोष्ट करणाऱ्यांचं नाव आपल्याला घेता येत नाही, हे मला दरवेळी लागतं.

"हा आपल्याकडचाच दगड हाय." मघाचा बारका पोरगा खांबाशी उभा आहे. पहारेकरी दुरून ओरडतो, हात लावू नका. तो हात मागे घेतो, पण मुद्दा सोडत नाही. "आमच्या हिरीत असलाच काळा लागला. सुरुंग लावावा लागला."

सर त्याला जवळ घेतात. त्याचं बरोबर आहे. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वी तापलेला लाव्हा थरावर थर पसरला आणि गार झाला. बालाघाटचा डोंगर त्याचा, सह्याद्री त्याचा, हे बेटही त्याचंच. त्याच्या बापाच्या विहिरीतला दगड जमिनीखालून, डोंगरांतून थेट इथवर आला आहे. मुंबईत आल्यापासून ही पोरं परक्या गावात वावरत होती. काच, लोखंड, भरधाव गाड्या. या खांबापुढे मात्र तो पोरगा घरच्या माणसासारखा उभा आहे. दगड किती कठीण असतो हे त्याला ठाऊक आहे. म्हणूनच तो वर छताकडे बघतो आणि विचारतो, "सुरुंग न लावता?"

"छिन्नीनं."

"सगळं?"

"सगळं. आन् वरून खाली."

तो बराच वेळ मान वर करून राहतो.

मग त्याला कालचा हत्ती आठवतो. राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी जो काळा दगडी हत्ती आहे तो इथलाच, राजबंदरच्या किनाऱ्याचा. त्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ साली तो विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तुकडे झाले, आणि सांधून तो मुंबईतच राहिला. "त्याला परत आणा की हितं," पोरगा म्हणतो. मलाही तसंच वाटतं, आणि मी तसं बोलूनही दाखवतो.

बाहेर पोरं डबे उघडतात. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, रात्रीची सुकी भाजी. एक भाकरी मला मिळते. सर वही काढून पुढच्या वर्षीच्या सहलीविषयी विचारतात. मुंबई झाली, आता काय दाखवावं?

"वेरूळ दाखवा," मी म्हणतो.

"ते झालंय. कैलास पाहून आलो मागं."

"कैलासाशी थांबू नका. पुढे चालत जा, २९ नंबरच्या लेण्यापर्यंत. आखणी इथल्यासारखीच आहे. तिथंही चार दारांचा गाभारा आहे, तिथंही लग्न आहे, अंधक आहे, कैलास हलवणारा रावण आहे. ज्यानं हे पाहिलंय त्याला ते लगेच ओळखू येतं."

सर '२९' लिहून त्याभोवती गोल करतात.

"तितंबी लाँचनं जायचं का?" बारका विचारतो.

"नाही. पण पावसात गेलास तर लेण्याच्या अगदी बाजूला वेळगंगेचा धबधबा पडतो. अंगावर तुषार येतात."

"सर, पावसात जाऊ."

"पावसात सहल नसती."

"मग दिवाळीच्या आधी. पानी असंल तवर."

सर वहीत २९ च्या खाली 'पाऊस संपताना' असं लिहितात आणि शिट्टी वाजवतात. दीडची लाँच धरायची आहे.