बाटलीकडून पेल्याकडे

‘‘डॉक्टर, पेला दिसला की हा तोंड फिरवतो. सिपरमधून मात्र सगळे दूध संपवतो. मग सिपरच चालू ठेवला तर बिघडले कुठे?’’ दीड-दोन वर्षांच्या मुलांच्या आया दवाखान्यात हा प्रश्न वारंवार विचारतात. प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. ताप नाही, खोकला नाही, मूल खेळते आहे. मग दूध कशातून प्यायले याला एवढे महत्त्व कशाला, असे घरातील वडीलधाऱ्यांनाही वाटते. परंतु दूध कशातून घेतले जाते यावर ते किती आणि केव्हा घेतले जाते, आणि त्यापायी ताटातले काय मागे राहते, हे बऱ्याच अंशी अवलंबून असते. म्हणूनच या लहानशा बदलाकडे पालकांनी गांभीर्याने पाहावयास हवे.

सिपर म्हणजे पेला नव्हे

बाळ सहा महिन्यांचे झाले, वरचे अन्न सुरू झाले, की त्याच सुमारास त्याला पेल्याची ओळख करून द्यावी आणि एक ते दीड वर्षाच्या दरम्यान बाटली पूर्णपणे सोडवावी, असा वैद्यकीय सल्ला असतो. पुष्कळ घरांत बाटली जाते आणि तिच्या जागी सिपर येतो. पालकांना वाटते, एक टप्पा पार पडला. मात्र बाजारातील बहुतेक सिपरच्या तोटीत, दूध सांडू नये म्हणून, एक झडप बसवलेली असते. भांडे उलटे केले तरी थेंब पडत नाही. सोय खरी, पण ती झडप उघडण्यासाठी मुलाला जोराने चोखावेच लागते. म्हणजे भांडे बदलले, कृती तीच राहिली.

पेल्यातून पिणे ही निराळी कला आहे. खालचा ओठ काठावर टेकवायचा, वरचा ओठ दुधापर्यंत आणायचा, लहान घोट घ्यायचा, तोंड मिटायचे आणि गिळायचे. ही कला चोखून येत नाही. पेला हाती घेऊनच येते. सिपर वापरायचाच असेल तर झडप नसलेला, आपोआप थोडे थोडे दूध येऊ देणारा घ्यावा, आणि तोही थोड्या काळापुरता.

आपल्या घरांना हे नवे नाही. बोंडल्याने आणि वाटी-चमच्याने मुले वाढवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आजही कमी वजनाच्या नवजात बाळाला अंगावर ओढता येत नसेल, तर रुग्णालयात आईचे दूध वाटी-चमच्याने पाजतात. बाटलीच्या बुचाच्या खाचांत दूध साचते, जंतू वाढतात आणि जुलाबांना निमंत्रण मिळते. भारतात १९९२ च्या कायद्याने दूध पाजण्याच्या बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घातलेली आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते. बाळ अंगावर पीत असेल, तर बाटली वा सिपर मध्ये आणण्याचे कारणच नाही. स्तनपान दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ चालू ठेवून वरचे पेय थेट पेल्यातून द्यावे.

दूध भरपूर, रक्त मात्र कमी

काही काळापूर्वी अडीच वर्षांची एक मुलगी तपासणीसाठी आली. तक्रार एकच होती : ‘‘जेवत नाही.’’ गाल भरलेले, वजनही बरे; पण डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या. विचारणा केली तेव्हा कळले, की दिवसाकाठी पाच बाटल्या दूध जाते, त्यांतील दोन रात्री. हिमोग्लोबिन ७.४ निघाले. या वयात ते निदान ११ असावयास हवे. मुलीला जेवणाचा कंटाळा नव्हता. तिच्या पोटात जेवणाला जागाच उरत नव्हती.

गाईम्हशीच्या दुधात लोह अगदी अल्प असते. शिवाय दुधातील कॅल्शियम आणि प्रथिने इतर अन्नातील लोह शोषले जाण्यात अडथळा आणतात. बाटली आणि सिपर हातात धरून मूल खेळता खेळता, निजता निजता कितीही दूध पिऊ शकते. पेल्यातून मात्र बसून, लक्ष देऊन, घोट घोट प्यावे लागते, आणि प्रमाण आपोआप आटोक्यात येते. एक वर्षानंतर दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिली दूध पुरेसे होते. दही-ताकाचे दूधही त्यातच धरावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयोगटातील ६८.९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. त्याची कारणे अनेक आहेत. दुधाने भरलेले पोट हे त्यांपैकी घरच्या घरी दूर करता येण्याजोगे एक कारण आहे.

दुसरी हानी दातांची. झोपेत लाळ कमी सुटते. तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या मुलाच्या दातांभोवती दूध, आणि बहुधा त्यातील साखरही, रात्रभर रेंगाळते. वरचे पुढचे दात आधी किडतात. खालचे दात जिभेच्या आडोशाने बरेच दिवस वाचतात. हिरडीलगत पांढरी, खडूसारखी रेघ दिसली तर ती किडीची सुरुवात समजावी. ‘दुधाचेच दात आहेत, पडायचेच’ हा समज घातक आहे. दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकावयाच्या असतात आणि दुखरा दात मुलाला चावू देत नाही. आडवे पडून बाटली पिणाऱ्या मुलांत कान दुखण्याचा त्रासही अधिक आढळतो.

नकार कशाला असतो?

पेला नाकारणारे मूल हट्टी आहे, असे म्हणून मोकळे होऊ नये. त्याच्या दृष्टीने बाटली हे केवळ भांडे नाही. ती निवांतपणा आहे, कुशी आहे, झोप आहे. आपण त्याच्या हातून भांडे काढून घेतो आणि नकळत हे सारेच काढून घेतो. तेव्हा पेला आधी खेळ म्हणून येऊ द्यावा, आणि बाटलीने मिळणारी माया दुसऱ्या वाटेने पोहोचवावी.

स्टीलचे लहानसे फुलपात्र घ्यावे. त्याचा काठ वळलेला असावा, धारदार नसावा. कल्हई नसलेले तांब्या-पितळेचे भांडे दूध-ताकासाठी वापरू नये. अंघोळीच्या वेळी तेच फुलपात्र पाणी भरण्या-ओतण्यासाठी मुलाच्या हाती द्यावे. भातुकलीत बाहुलीला त्यातून ‘दूध’ पाजू द्यावे. जेवताना घरातील सर्वांनी तशाच फुलपात्रातून पाणी प्यावे. मूल उपदेशाने शिकत नाही, पाहून शिकते.

प्रत्यक्ष पाजताना दोन चमचे पाणीच भरावे. मुलाला ताठ बसवावे, त्याचे दोन्ही हात पेल्यावर ठेवावेत आणि आपला हात तळाशी असावा. पेला ओठाला टेकवून थांबावे. दूध तोंडात ओतू नये. पातळ पाण्याने ठसका लागत असेल तर नाचणीची पेज किंवा पातळ वरण यांसारख्या दाटसर पदार्थापासून आरंभ करावा. दाट पदार्थ सावकाश येतो आणि मुलाला सावरायला वेळ मिळतो. सांडणार, हे गृहीत धरून खाली पंचा अंथरावा आणि रागवू नये. बशीतून चहा पाजून मात्र पिणे शिकवू नये. चहा लोहाचा शत्रू आहे.

क्रम कसा ठेवावा?

सगळ्या बाटल्या एका दिवसात बंद करण्यापेक्षा दर चार-पाच दिवसांनी एक कमी करणे बहुतेक मुलांना सोपे जाते. आरंभ दुपारच्या बाटलीपासून करावा, नंतर सकाळची, आणि निजतानाची सर्वांत शेवटी. जी वेळ पेल्याची ठरली, त्या वेळी पुन्हा बाटली देऊ नये. पेल्यात दोनच घोट गेले तरी चालतील. भूक उरली तर ती जेवणात भागू द्यावी.

रात्रीच्या बाटलीसाठी एक वर्षावरील आणि नीट जेवणाऱ्या मुलांना एक जुना उपाय उपयोगी पडतो. १८० मिलीच्या बाटलीत दर दोन रात्रींनी ३० मिली दुधाऐवजी पाणी घालावे. बारा-तेरा रात्रींत बाटलीत केवळ पाणी उरते आणि तिची गोडी ओसरते. एक वर्षाखालील बाळाचे दूध मात्र कधीही पातळ करू नये. निजण्यापूर्वीचे दूध पेल्यातून द्यावे, दात घासावेत आणि मग बाटलीच्या जागी पाठीवर हात, अंगाई, गोष्ट असा ठरलेला क्रम रोज पाळावा.

दोन-तीन रात्री रडण्याच्या जातील. कठीण भाग तोच. त्या वेळी आजी-आजोबांचे मन द्रवते, शेजारी भिंतीपलीकडून विचारतात, आणि तिसऱ्या रात्री कोणीतरी बाटली भरून आणते. त्यातून मूल एवढेच शिकते, की पुरेसे रडले की बाटली मिळते. यासाठी आरंभीच घरातील सर्वांनी, पाळणाघरातील ताईंसह, एकमत करावे. मूल आजारी असेल, घर बदलायचे असेल किंवा धाकटे भावंड येऊ घातले असेल, तर काही आठवडे थांबण्यात कमीपणा नाही. दूध कमी गेले म्हणून घाबरू नये. दही, ताक, पनीर, नाचणी, तीळ यांतून कॅल्शियम मिळते. दुधात साखर वा चॉकलेटची पावडर वाढवून पेल्याची लालूच दाखवू नये.

डॉक्टरांना केव्हा दाखवावे?

प्रत्येक घोटाला ठसका लागणे, पेय नाकावाटे येणे, वर्ष उलटूनही मऊ गोळ्याचे अन्न न गिळता येणे, ही केवळ सवयीची बाब नसते. मूल फिके दिसत असेल, माती, खडू किंवा पाटीवरची पेन्सिल खात असेल, तर रक्ततपासणी करून घ्यावी. लघवी फार कमी होत असेल तर त्याच दिवशी दाखवावे. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांसाठी लोहाचे औषध आशाताईंकडून विनामूल्य मिळते. त्याची चौकशी जरूर करावी.

त्या अडीच वर्षांच्या मुलीला लोहाचे औषध सुरू केले आणि बाटल्या टप्प्याटप्प्याने बंद केल्या. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.९ होते, आणि आईची तक्रार अशी, की ती आता दुसऱ्यांच्या ताटातलेही खाते. आपल्या घरीही आज संध्याकाळी एक फुलपात्र घ्यावे, त्यात दोन चमचे पाणी घालावे आणि मुलासमवेत जमिनीवर मांडी घालून बसावे. एवढ्याने आरंभ होतो.