एकोणतीस किलोंचा ट्विन
गिटारीचा आवाज : लेखांक ६

गेल्या लेखांकात आपण अ‍ॅम्प्लिफायरमधल्या व्हॉल्व्हच्या आत शिरलो होतो. आज तोच अ‍ॅम्प्लिफायर जमिनीवरून उचलायचा आहे. फेंडर कंपनीचा ‘ट्विन रिव्हर्ब’ जगभरच्या मंचांवर दिसतो; १९६५च्या नमुन्यावरून आज जो बनवला जातो, त्याचं वजन सुमारे २९ किलो. बीटल्स आणि शॅडोज यांच्यामुळे गाजलेला व्हॉक्स एसी-३० त्याहून जड, दोन स्पीकरांचा असेल तर ३२ किलोंच्या घरात. मार्शलचं चार स्पीकरांचं कॅबिनेट ३६ किलोंचं, आणि त्यावर ठेवायचं हेड (स्पीकरविना अ‍ॅम्प) वेगळं.

ट्विनला वर मधोमध पट्ट्याची एकच मूठ असते. एका हाताने उचलला की सगळा भार एका खांद्यावर येतो, कंबर उलट्या बाजूला झुकते आणि पावलागणिक खोक्याची कड पोटरीला लागते. त्यातून पॉवर ट्रान्सफॉर्मर चासीच्या एका टोकाला, म्हणून अ‍ॅम्प उचलताक्षणी तिकडे कलतो. तो हातात घेऊन अरुंद जिना चढायचा, वळणावर हात बदलायचा, खांद्याला गिटार, दुसऱ्या हातात पेडल्सची बॅग. कार्यक्रम संपल्यावर रात्री साडेबारा-एकला हेच सगळं उलट, आणि तेव्हा अंगात त्राण नसतं.

ब्रिटनमधली ‘एचएसई’ ही कामाच्या ठिकाणच्या आरोग्याची आणि सुरक्षेची सरकारी यंत्रणा. हाताने ओझी उचलण्याबद्दल तिने मार्गदर्शक आकडे दिले आहेत. कमरेच्या उंचीवर, अंगालगत, दोन्ही हातांनी धरलेलं ओझं पुरुषांसाठी २५ किलो आणि स्त्रियांसाठी १६ किलोपर्यंत. जमिनीलगत वाकून उचलायचं झालं तर पुरुषांसाठीचा आकडा १० किलोंवर येतो. गिटार वाजवणाऱ्यांपैकी किती जण वर्षानुवर्षं आठवड्यातून दोन-तीनदा याच्या दुप्पट-तिप्पट भार एका हाताने उचलत आले आहेत! बोटं आणि मनगटं हीच ज्यांची रोजीरोटी, त्यांनीच हे करावं, याचा मला मनापासून त्रास होतो. म्हणून हे वजन नेमकं कशाचं आहे आणि त्यातलं किती खरोखर लागतं, ते नीट पाहू.

सर्वांत मोठा वाटा लोखंडाचा. व्हॉल्व्ह अ‍ॅम्पमध्ये निदान दोन मोठे ट्रान्सफॉर्मर असतात. पहिला पॉवर ट्रान्सफॉर्मर. व्हॉल्व्हना चारशे व्होल्ट किंवा त्याहून जास्त दाब लागतो, आणि शिवाय त्यांचा आतला तंतू सतत तापता ठेवावा लागतो. ईएल-३४ जातीचा एक व्हॉल्व्ह नुसता तापण्यासाठी ६.३ व्होल्टवर दीड अँपियर घेतो, म्हणजे साडेनऊ वॅट. असे चार असले की एक सूरही न वाजवता ३८ वॅट खर्ची पडतात. हे सगळं पुरवणारा ट्रान्सफॉर्मर म्हणजे लोखंडी पत्र्यांचा गठ्ठा आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार.

तो एवढा मोठा का लागतो? आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होते. म्हणजे एका दिशेचा जोर सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा वेळ टिकतो, आणि तेवढा वेळ लोखंडी गाभ्यातलं चुंबकत्व वाढत राहतं. नळाखाली हंडा धरावा तसं हे आहे: नळ जितका वेळ चालू राहणार, तितका हंडा मोठा हवा. गाभा लहान पडला की तो चुंबकत्वाने पुरता भरतो, पुढचा प्रवाह बेसुमार वाढतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. कंपनं सावकाश असतील तर लोखंड जास्त लागतं आणि वेगाने होत असतील तर कमी, एवढं ध्यानात ठेवलं की अ‍ॅम्पच्या वजनाचं बहुतेक गणित उलगडतं.

याचा फटका आपल्याकडच्या वाजवणाऱ्यांना थेट बसतो. अमेरिकेत शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं तिथे स्वस्तात मिळाला म्हणून अ‍ॅम्प घेतात आणि परतताना सोबत आणतात. तो असतो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा. इथे त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर जोडावा लागतो, म्हणजे वर आणखी काही किलो. तरी काम अर्धंच होतं, कारण स्टेप-डाउन व्होल्टेज उतरवतो, ५० हर्ट्झचे ६० करत नाही. प्रत्येक फेरीत गाभ्यावर एक पंचमांश जास्त ताण पडतो. कंपनीने लोखंड सढळ हाताने घातलं असेल तर निभावतं. हात आखडता घेतला असेल तर ट्रान्सफॉर्मर घुमू लागतो आणि तापतो. असा अ‍ॅम्प आणायच्या आधी त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर ‘५०/६० हर्ट्झ’ लिहिलं आहे का, ते जरूर पाहावं.

दुसरा तो आउटपुट ट्रान्सफॉर्मर. पॉवर व्हॉल्व्हना समोर काही हजार ओमांचा भार हवा असतो आणि स्पीकर असतो ८ किंवा १६ ओमांचा. या दोघांचा मेळ घालणं हे त्याचं काम. गिटारीची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर वाजते, म्हणजे पुन्हा सावकाश कंपन, पुन्हा जास्त लोखंड. पूर्ण जोरात वाजणारा तो खर्जाचा सूर निभावून नेण्याइतका गाभा द्यावाच लागतो.

ट्रान्झिस्टर आल्यावर आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला, पण वजन अपेक्षेएवढं उतरलं नाही. रोलंडचा १९७५ सालचा जेसी-१२० घ्या. त्यात एकही व्हॉल्व्ह नाही, तरी तो २८ किलोंच्या आसपास भरतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर जुन्याच पद्धतीचा, उष्णता बाहेर टाकायला धातूच्या पट्ट्या, दोन बारा इंची स्पीकर आणि भरभक्कम खोकं.

स्पीकरचं वजन असतं चुंबकात. सुरुवातीला अल्निको नावाच्या मिश्रधातूची चुंबकं वापरत. त्यातला कोबाल्ट मुख्यतः आफ्रिकेतून, तेव्हाच्या झाईरेतून येई. १९७८मध्ये तिथल्या शाबा प्रांतात लढाई पेटली आणि कोबाल्टचे भाव कडाडले. स्वस्त फेराइट आधीपासून होतंच, आता त्याचाच वापर सगळीकडे झाला. ते तुलनेने अशक्त, म्हणून त्याची चकती मोठी आणि जड करावी लागते. सेलेस्चनचा ‘व्हिंटेज ३०’ हा बारा इंची स्पीकर ४.७ किलोंचा आहे. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्स आणि जपानच्या सुमितोमो या दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, निओडिमियमचं चुंबक तयार झालं. मूठभर आकारात तेवढीच ताकद. सेलेस्चनचाच ‘निओ क्रीमबॅक’ हा बारा इंची स्पीकर दोन किलोंच्या आत बसतो. एका स्पीकरमागे पावणेतीन किलो वाचले, तर चारांमागे अकरा.

लाकडाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाइन हलकं, बर्च प्लायवुड त्याहून जड आणि मजबूत, आणि भुसा दाबून केलेले बोर्ड सर्वांत जड नि पाण्याला सर्वांत कच्चे. कोकणात-गोव्यात पावसाळ्यात वाजवणाऱ्यांनी ते टाळलेलेच बरे.

आता मूळ प्रश्न. एवढ्या वॅटांची गरज कोणाला आणि का पडली? १९६०च्या दशकात मोठ्या सभागृहातसुद्धा गायकाच्या आवाजापुरतीच ध्वनिव्यवस्था असे. गिटारीसमोर कोणी माइक ठेवत नसे. शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं ते मंचावरच्या अ‍ॅम्पच्याच बळावर. न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये ऑगस्ट १९६५मध्ये बीटल्स वाजवायला उभे राहिले तेव्हा समोर सुमारे ५५ हजार माणसं किंचाळत होती आणि गिटारींसाठी होते व्हॉक्सचे शंभर वॅटचे अ‍ॅम्प. त्याच सुमारास लंडनमध्ये ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने जिम मार्शलकडे आठ स्पीकरांचं एकसंध कॅबिनेट मागितलं. मार्शलने ते बनवून दिलं, पण ते वाहून नेणाऱ्या माणसांनी हात टेकले. तेव्हा त्याचे चार-चार स्पीकरांचे दोन भाग करून एकावर एक ठेवले गेले. रॉक संगीताचं प्रतीक म्हणून जगभर ओळखला जाणारा मार्शलचा ‘स्टॅक’ असा हमालांच्या तक्रारीतून घडला. मला ही हकिकत फार महत्त्वाची वाटते, कारण अ‍ॅम्पच्या इतिहासात ओझं वाहणाऱ्याचं म्हणणं ऐकून घेतल्याचे प्रसंग थोडेच आहेत.

कॅलिफोर्नियात रँडल स्मिथने वेगळी वाट काढली. फेंडरच्या १२ वॅटच्या चिमुकल्या ‘प्रिन्स्टन’ अ‍ॅम्पच्या खोक्यात त्याने मोठे ट्रान्सफॉर्मर आणि बारा इंची स्पीकर कोंबला. कार्लोस सँटानाने तो वाजवून पाहिला, त्याच्या तोंडून जो उद्गार निघाला त्यातूनच ‘बूगी’ हे नाव आलं आणि मेसा बूगी कंपनी उभी राहिली. खोकं लहान झालं, लोखंड मात्र तेवढंच राहिलं. पुढे अशा छोट्या अ‍ॅम्पमध्ये बसवला जाणारा इलेक्ट्रो-व्हॉइसचा ‘ईव्हीएम-१२एल’ हा स्पीकर एकटाच साडेआठ-नऊ किलोंचा होता. दुकानात आकार पाहून फसणारे पुष्कळ असतात. लहान अ‍ॅम्प हलका असतोच असं नाही.

दरम्यान ध्वनिव्यवस्था सुधारली, गिटारीसमोर माइक आला आणि लांबवर आवाज पोचवण्याचं काम साउंडवाल्याकडे गेलं. तरी मोठ्या वॅटांची सवय सुटली नाही. ५० वॅटचे १०० वॅट केले तर आवाज ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवण्याइतका. दुप्पट मोठा वाटायला दहापट वॅट लागतात. पुण्या-मुंबईच्या पबमध्ये, पन्नास-शंभर माणसांसमोर, ८५ वॅटचा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प आवाजाच्या बटणावर दोनच्या पुढे नेता येत नाही. म्हणजे जे लोखंड आपण जिन्यावरून चढवतो, त्यातल्या बहुतेकाला तिथे काही काम नसतं.

हे वजन दोन गोष्टींनी खऱ्या अर्थाने उतरवलं. एक स्विचिंग पॉवर सप्लाय. यात मेन्सची वीज आधी एकदिशा करतात आणि मग सेकंदाला लाखभर वेळा तोडतात. कंपनं इतकी जलद झाली की हंडा वाटीएवढा पुरतो, आणि तीनशे ग्रॅमच्या आतला ट्रान्सफॉर्मर काही किलोंच्या लोखंडाचं काम करतो. शिवाय ५० हर्ट्झ की ६०, हा प्रश्नच मिटतो. दुसरी क्लास-डी पद्धत. यात ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतात, मध्ये रेंगाळत नाहीत, त्यामुळे वीज उष्णतेत फारशी जात नाही आणि धातूच्या अवजड पट्ट्या लागत नाहीत. २०१९मध्ये फेंडरने ‘टोन मास्टर’ मालिकेत या दोन्हींना निओडिमियमचे स्पीकर आणि पाइनच्या खोक्याची जोड दिली. बाहेरून हुबेहूब ट्विन, वजन १५ किलोंच्या आसपास. लहान ‘डीलक्स रिव्हर्ब’ १९ किलोंवरून साडेदहावर आला. व्हॉल्व्हचा गुण त्यात संगणकीय नकलेतून येतो. शेजारी ठेवून एकट्याने वाजवलं तर बोटांना फरक कळतो. ड्रम सुरू झाल्यावर तो सांगता येईल असं मला वाटत नाही.

त्याही पुढे जाऊन अ‍ॅम्पच नको म्हणणारे आहेत. लाइन-६च्या ‘एचएक्स स्टॉम्प’सारखी ०.८ किलोची पेटी थेट मिक्सरला जोडायची, की झालं. देशांतर्गत विमानप्रवासात साध्या तिकिटावर बहुतेक ठिकाणी १५ किलो सामान चालतं, त्यात गिटार धरली की अ‍ॅम्प नेणं अशक्यच. अशा दौऱ्यात ही पेटी किंवा आयोजकांनी भाड्याने आणलेले अ‍ॅम्प (बॅकलाइन) एवढेच मार्ग उरतात. पण आपल्याकडच्या छोट्या जागांत वाजवणाऱ्यासमोर धड मॉनिटर नसतो. आपलाच आवाज ऐकू आला नाही की हात जड पडतो, लय घसरते. मागे उभ्या असलेल्या स्पीकरची हवा तारांना लागते आणि लांबवलेला सूर तरंगत राहतो, तेही पेटीतून मिळत नाही. म्हणून स्पीकर सोडू नये, लोखंड सोडावं, या मताचा मी आहे.

आणखी एक बाजू आहे, तीही तितकीच खरी. जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर जळला तर लॅमिंग्टन रोडला किंवा बुधवार पेठेत त्याचं वाइंडिंग करून देणारा माणूस सापडतो. पन्नास वर्षांपूर्वीचे अ‍ॅम्प असेच जिवंत राहिले आहेत. हलक्या अ‍ॅम्पची सर्किटची पाटी गेली तर बहुधा अख्खी पाटीच बदलावी लागते, आणि ती दहा वर्षांनी मिळेलच असं नाही. घरी किंवा स्टुडिओत एका जागी राहणारा अ‍ॅम्प जड असला तर बिघडत नाही, तिथे जरूर व्हॉल्व्हचा घ्यावा.

रोज फिरणाऱ्याने मात्र ओझं दोन हातांत वाटून घ्यावं. खांद्यावरच्या बॅगेत मावणारं हेड, ऑरेंजच्या ‘मायक्रो टेरर’सारखं किलोभराचं किंवा एखादं क्लास-डीचं, आणि दुसऱ्या हातात निओडिमियमच्या एका बारा इंची स्पीकरचं पाइनचं कॅब. खोकं फार छोटं घेऊ नये, कारण खर्जाचा भरीवपणा खोक्याच्या आकारावर अवलंबून असतो आणि पोकळीला वजन नसतं. विकत घेताना वाजवून तर पाहालच. दुकानदाराला विचारून तो अ‍ॅम्प एकदा एक मजला चढवून पाहा.

हेड आणि कॅब वेगळे झाले की त्यांना जोडणारी वायर आणि कॅबच्या पाठीवरचा ओमांचा आकडा यांचा प्रश्न येतो. स्पीकर न जोडता चालू केलेल्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर कसा जळतो, हे पुढच्या लेखांकात.