मातीच्या घरावरचा ठपका

नागपूरहून जबलपूरला जाणारा महामार्ग शहरात शिरण्यापूर्वी तिलवारा घाटापाशी नर्मदा ओलांडतो. याच परिसरात १९३९ मध्ये काँग्रेसचे त्रिपुरी अधिवेशन भरले आणि १९४८ मध्ये याच घाटावर महात्मा गांधींच्या अस्थींचे विसर्जन झाले. गांधीजींनी सेवाग्रामात मातीच्या भिंतींच्या आणि कवेलूंच्या घरात राहून स्वातंत्र्यलढ्याचे नेतृत्व केले. त्यांच्या स्मृतीशी निगडित असलेल्या या घाटावर एक प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही. मातीचे घर ही दारिद्र्याची आणि धोक्याची खूण आहे, असे आपण केव्हापासून मानू लागलो?

या प्रश्नाचे निम्मे उत्तर भीतीत आहे आणि ती भीती निराधार नाही. २२ मे १९९७ रोजी पहाटे जबलपूर परिसर भूकंपाने हादरला. केंद्र शहरानजीकच्या कोसमघाट गावाजवळ होते. सुमारे ४० माणसे दगावली, मातीची आणि मातीत बांधलेल्या विटांची असंख्य घरे कोसळली वा तडकली. मात्र त्याच पहाटे जबलपूर शहरात, तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडून उभारलेल्या काही काँक्रीटच्या इमारतींचे खांबही निकामी झाले होते. सिमेंट वापरले म्हणजे घर सुरक्षित झाले, हा समज तेव्हाच गळून पडायला हवा होता. प्रत्यक्षात दोष तेवढा मातीच्या माथी आला.

महाराष्ट्राला हा अनुभव त्याआधीच आला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात हजारो माणसे आपल्याच घरांखाली गाडली गेली. ती घरे माळवदाची होती. लाकडी खांबांवर आणि तुळयांवर मातीचा जाड थर, कालांतराने गळती थांबवण्यासाठी त्यावर आणखी माती, आणि बाजूला ओबडधोबड दगडांच्या रुंद भिंती. त्या भिंतींचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत गुंतवलेले नव्हते. हादरा बसताच भिंत दोन बाजूंना फुटली आणि वरचा प्रचंड भार खाली आला. माणसे मारली ती अवजड छपराने आणि बांधणी नसलेल्या भिंतीने. पण ‘मातीचे घर नकोच’ एवढाच धडा आपण घेतला.

त्याच १९९३ साली भारतीय मानक ब्यूरोने मातीच्या इमारतींना भूकंपरोधक कसे करावे, याची मार्गदर्शक संहिता प्रसिद्ध केली. तिच्यातील नियम साधे आहेत. भिंतीची उंची जाडीच्या आठपटीहून अधिक नसावी. दारे-खिडक्यांची रुंदी १.२ मीटरपेक्षा जास्त नसावी आणि त्या कोपऱ्यापासून किमान तेवढ्या अंतरावर असाव्यात. चारही भिंतींना एकत्र बांधणारा लाकडी वा अन्य पट्टा असावा. छप्पर हलके असावे. यातले काहीही गावच्या सुताराच्या आणि गवंड्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

मातीलाही स्वभाव असतो. काळी माती वाळताना भेगाळते. म्हणून तिच्यात वाळू वा मुरूम आणि पेंढा मिसळावा लागतो. पाणी हा मातीच्या भिंतीचा मुख्य शत्रू. म्हणून दगडी जोते उंच, वळचण पुढे आलेली आणि दरवर्षी लिंपण अपरिहार्य. अधिक बळकटी हवी असल्यास थोडे सिमेंट घालून यंत्राने दाबलेल्या, न भाजलेल्या मातीच्या विटा वापरता येतात. जगातील कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनापैकी सुमारे ७ ते ८ टक्के वाटा सिमेंट उद्योगाचा आहे. मातीची जाड भिंत मात्र दुपारची उष्णता आत पोहोचायला वेळ लावते. मे महिन्यात पातळ काँक्रीटच्या स्लॅबखाली झोपणाऱ्याला हा फरक सांगावा लागत नाही.

वर्ध्यात १९७६ मध्ये देवेंद्रकुमार यांनी स्थापन केलेल्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने हेच काम पुढे नेले. कुंभाराने चाकावर घडवलेली शंकूच्या आकाराची पोकळ कवेलू एकमेकांत बसवून कमानदार छप्पर उभारण्याची त्यांची पद्धत लाकूड आणि लोखंड दोन्ही वाचवते. त्यामुळे घराचा पैसा गावातल्या कुंभाराकडे जातो. वास्तुविशारद लॉरी बेकर आयुष्यभर गांधीजींचे एक म्हणणे सांगत असत: आदर्श गावातले घर पाच मैलांच्या आत मिळणाऱ्या साहित्यातून बांधले जावे.

मग अडते कुठे? अडते एका शब्दापाशी. सरकारी परिभाषेत मातीची भिंत ‘कच्ची’ आणि विटा-सिमेंटची ‘पक्की’. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण प्रधानमंत्री आवास योजनेने मैदानी भागात घरामागे १ लाख २० हजार रुपये देऊ केले, आणि त्यातून असंख्य कुटुंबांच्या डोक्यावर छप्पर आले, हे मान्यच केले पाहिजे. केंद्राने प्रदेशानुरूप घरांचे आराखडेही प्रसिद्ध केले, त्यांत स्थानिक साहित्याला स्थान आहे. परंतु मातीत काम करणारा गवंडी उरला नाही तर आराखडा कागदावरच राहील. ते कौशल्य एका पिढीत हरवते.

म्हणून मातीच्या घराचा पुरस्कार केवळ जुन्याच्या ओढीने करून चालणार नाही. पट्टा, जोते आणि हलके छप्पर यांवाचून बांधलेले मातीचे घर भूकंपात जीव घेईल. निष्काळजीपणे बांधलेले काँक्रीटचे घरही घेईल. नर्मदाकाठच्या कुटुंबाला शासनाने एवढाच प्रश्न विचारावा: घर कशाचे आहे, हे नव्हे, ते कसे बांधले आहे?