पुन्हा हाच ट्रक घ्याल काय?

एखाद्याने विकत घेतलेली वस्तू चांगली की वाईट हे जाणून घ्यायचे असेल, तर “तुम्ही समाधानी आहात ना?” असे त्याला कधी विचारू नये. पदरचे पैसे मोजून आणलेल्या वस्तूला नावे ठेवणे म्हणजे आपल्याच अकलेला नावे ठेवणे. ते कोण करील? त्याला विचारावे, “पुन्हा हीच घ्याल काय?” मग गृहस्थ क्षणभर थबकतो, हनुवटी खाजवतो आणि खरे बोलू लागतो. लग्नाच्या बाबतीत हा प्रश्न विचारण्याची सोय नाही, पण वाहनाच्या बाबतीत आहे.

डेट्रॉईटच्या परिसरात राहात असल्यामुळे विजेवर चालणाऱ्या ट्रकांच्या मालकांना गाठून हा प्रश्न विचारणे मला अवघड गेले नाही. पण आधी एक खुलासा केला पाहिजे. ट्रक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहिलेले, घाटात धापा टाकणारे धूड उभे राहते. अमेरिकेत तसे नाही. पुढे चार-पाच माणसांची ऐसपैस केबिन, मागे उघडा हौदा, अशा पिकअपला ते लोक ट्रक म्हणतात. सुतार त्यात फळ्या नेतो, शेतकरी चाऱ्याच्या गठड्या नेतो, आणि वकीलसाहेब त्यातूनच रुबाबात कचेरीत जातात. फोर्डची ‘एफ’ मालिका १९७७ पासून त्या देशात सर्वांत अधिक खपणारा ट्रक म्हणून मिरवते आहे. तेव्हा अशा ट्रकातून पेट्रोल काढून टाकणे म्हणजे आपल्याकडच्या पंगतीतून वरणभात काढून टाकण्यासारखेच होते.

मोठा गाजावाजा, मोठा हिशेब

ते धाडस झाले. सप्टेंबर २०२१ मध्ये इलिनॉयमधल्या नॉर्मल नावाच्या गावातून रिव्हियन कंपनीचे पहिले विजेचे ट्रक गिऱ्हाइकांच्या हाती पडले. त्याच वर्षी मे महिन्यात फोर्डने ‘एफ-१५० लाइटनिंग’ जाहीर केला होता. राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी डिअरबॉर्नला येऊन त्याचा नमुना स्वतः चालवून पाहिला. आरंभीची किंमत चाळीस हजार डॉलरांच्या आत सांगितली होती. नोंदणीसाठी अशी झुंबड उडाली की दोन लाख नावे झाल्यावर कंपनीला वही मिटावी लागली. टेस्लाचा सायबरट्रक २०१९ मध्ये दाखवला गेला तेव्हा त्याचीही किंमत ३९,९०० डॉलर होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये तो प्रत्यक्ष मिळू लागला तेव्हा आकडा ६० हजारांच्या पुढे गेलेला होता.

लाइटनिंगच्या किमतीची कहाणी तर आणखी गमतीची. ज्यांनी घाई केली त्यांनी चढत्या भावाने घेतला. आणि जुलै २०२३ मध्ये कंपनीने काही प्रकारांच्या किमती दहा हजार डॉलरपर्यंत उतरवल्या. आपण काल घेतलेला शालू आज दुकानदाराने सेलमध्ये लावावा, तशी पहिल्या गिऱ्हाइकांची गत झाली. आपल्या दारातल्या ट्रकची किंमत एका रात्रीत खाली आली, आणि तिच्यावरचे कर्ज मात्र होते तेवढेच राहिले!

मग हे लोक पुन्हा विजेकडे वळतील काय? मोठमोठ्या संस्थांनी विजेच्या सर्वच मोटारींच्या मालकांना हा प्रश्न विचारला, आणि उत्तरे अशी आली की डोके चक्रावून जावे. मॅकिन्झी या सल्लागार संस्थेने २०२४ मध्ये सांगितले की अमेरिकेतले शेकडा ४६ मालक पेट्रोलकडे परतण्याच्या विचारात आहेत. २०२५ च्या आरंभी जे. डी. पॉवर या संस्थेने सांगितले की शेकडा ९४ मालक पुढची गाडीही विजेचीच घेण्याचा विचार करतील. ‘विचारात असणे’ या शब्दांत किती भोंगळपणा मावतो, हे यावरून कळून यावे. म्हणून आकडे बाजूला ठेवून मी माणसांकडे गेलो.

तीन मालक, तीन उत्तरे

पहिले गृहस्थ घरे बांधण्याची छोटी कंत्राटे घेतात. त्यांचे उत्तर सरळ होते : “नाही.” ट्रक वाईट म्हणून नव्हे. “गावातल्या गावात याच्यासारखा ट्रक नाही,” ते म्हणाले, “पण मागे ट्रेलर जोडला की याचा जीव अर्धा होतो.” आणि ते खरेच आहे. मोठा, चौकोनी ट्रेलर हमरस्त्यावरून ओढताना वारा कापण्यातच बॅटरीची पुष्कळशी शक्ती खर्ची पडते. एका चार्जवर ३०० मैल जाणारा ट्रक दीडशे मैलांच्या आसपासच मान टाकतो. त्यातून मिशिगनची थंडी! त्यावर आणखी एक गंमत अशी, की बहुतेक चार्जिंगच्या जागा मोटार उभी करण्याच्या खणांसारख्या आखलेल्या असतात. ट्रेलरसकट आत शिरता येत नाही. बर्फात उतरायचे, ट्रेलर सोडायचा, ट्रक भरायचा, पुन्हा ट्रेलर जोडायचा. “माझ्याकडे दोन मजूर आहेत,” ते म्हणाले, “त्यांचा तास मी चार्जरपाशी उभा राहून जाळू काय?” या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

दुसऱ्या एक नर्सबाई. मूळच्या साताऱ्याच्या, आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीला त्यांचा आवाज सर्वांच्या वर असतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये मिशिगनवर बर्फाचे वादळ कोसळले, झाडे तारांवर पडली आणि लाखो घरांची वीज गेली. बाईंच्या घरी वृद्ध सासरे, त्यांना ऑक्सिजनचे यंत्र लावलेले. “अहो, ट्रकच्या हौद्यात घरासारखेच प्लग आहेत,” त्या सांगत होत्या. “तिथून वायर ओढली ती खिडकीतून मामंजींच्या खोलीत. यंत्र चालू, फ्रीज चालू, भट्टीचा पंखा चालू. दोन दिवस काढले. पुन्हा घ्याल का म्हणून काय विचारता?” फुगवून सांगितलेली ही गोष्ट नव्हे. लाइटनिंगच्या मोठ्या बॅटरीत १३१ युनिट वीज मावते, आणि ज्या ट्रकांना ती सोय आहे ते एका वेळी ९.६ किलोवॉटपर्यंत वीज बाहेर देऊ शकतात. बेताने वापरली तर एका घराला ती दोन-तीन दिवस पुरावी.

तिसरा पुण्याचा तरुण इंजिनियर. मला ‘काका’ म्हणतो. रोज जाऊनयेऊन ९० मैल त्याच्या नशिबी आहेत. तो म्हणाला, “काका, पुन्हा घेईन, आणि ट्रकसाठी नाही, त्यातल्या मदतनिसासाठी घेईन! हमरस्त्याला लागलो की हात मांडीवर. तो आपणच सुकाणू धरतो, वेग राखतो, पुढची गाडी थांबली की थांबतो.” आतून त्याची पत्नी म्हणाली, “घे हो, जरूर घे. पण तू हात सोडलेस की मी डोळे मिटत नाही, एवढे काकांना सांग.”

या एका वाक्यापाशी माझी सारी चौकशी येऊन थांबली.

दृष्टिहीन इंजिनियराची देणगी

चालकाला यंत्राने मदत करावी ही कल्पना आजची नव्हे. इंडियानातले राल्फ टीटर नावाचे इंजिनियर पाच वर्षांचे असताना अपघाताने दृष्टी गमावून बसले होते. दुसऱ्याच्या मोटारीत बसले असता, चालवणाऱ्याच्या पायाबरोबर वेग कमीजास्त होऊन बसणारे हिसके त्यांना डोळसांहून अधिक जाणवत. वेग आपोआप एकसारखा राखणारे यंत्र त्यांनी काढले, १९५० मध्ये त्याचे पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या इंपीरियल मोटारीत बसवले. त्याला कंपनीने दिलेले नाव होते ‘ऑटो-पायलट’! पायाचा शीण वाचवणाऱ्या यंत्राला वैमानिकाचे नाव देण्याची खोड तेव्हापासूनची आहे.

आज ही मदत पुष्कळ पुढे गेली आहे. जनरल मोटर्सचे ‘सुपर क्रूझ’ २०१७ मध्ये आले, फोर्डचे ‘ब्ल्यूक्रूझ’ २०२१ मध्ये. आधी मोजून नकाशात घेतलेल्या हमरस्त्यांवरच ही चालतात; कॅमेरे आणि रडार रस्ता पाहतात, आणि एक छोटा कॅमेरा चालकाच्या डोळ्यांवर पाळत ठेवतो. नजर रस्त्यावरून ढळली की यंत्र खेकसते. ब्ल्यूक्रूझसाठी दरमहा वर्गणी आहे. २०२४ च्या ऑक्टोबरात ती सुमारे ५० डॉलर होती. एवढे देऊनही कायद्याच्या दृष्टीने चालक तुम्हीच. हात सोडायला परवानगी, जबाबदारी सोडायला नाही!

आता यातली मेख पाहा. हमरस्त्याच्या वेगात रडारला पूल, पाट्या, कठडे अशा असंख्य स्थिर वस्तू दिसत असतात. त्या प्रत्येकीसाठी ब्रेक लागू लागले तर प्रवासच अशक्य होईल. म्हणून अशी यंत्रे दूरवरच्या स्थिर वस्तूंकडे बरेचदा काणाडोळा करतात. आणि रात्रीच्या वेळी रस्त्यात बंद पडून उभी राहिलेली मोटार हीसुद्धा एक स्थिर वस्तूच असते. २०२४ च्या फेब्रुवारीत टेक्सासमध्ये आणि मार्चमध्ये फिलाडेल्फियात असेच दोन अपघात झाले. दोन्ही रात्रीचे, दोन्हींत ब्ल्यूक्रूझ चालू असलेली फोर्डची विजेची मोटार उभ्या गाडीवर आदळली. तीन माणसे दगावली. एप्रिलमध्ये सरकारी वाहतूक-सुरक्षा खात्याने चौकशी सुरू केली. त्याआधी, डिसेंबर २०२३ मध्ये, ऑटोपायलटवरील पाळत अपुरी म्हणून टेस्लाला वीस लाखांवर गाड्यांत दुरुस्ती करणे भाग पडले होते. विमा कंपन्यांच्या सुरक्षा संस्थेने मार्च २०२४ मध्ये अशा १४ यंत्रणा तपासल्या. चालकावर नीट लक्ष ठेवण्यात ११ यंत्रणा ‘वाईट’ ठरल्या, आणि ‘ठीक’ असा शेरा मिळाला तो एकीलाच.

जागवणारी मदत आणि जोजवणारी मदत

या साऱ्याचा अर्थ यंत्र नको असा मात्र नव्हे. सगळी मदत एका मापाने मोजू नये, एवढाच. माझ्या मते तिच्या दोन जाती आहेत. एक जागवणारी, दुसरी जोजवणारी.

समोर धोका दिसताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा पहिल्या जातीची. ती एरवी गप्प असते. तुमचे चुकले तरच धावून येते. तिच्यामुळे मागून आदळण्याचे अपघात निम्म्यावर येतात असे त्याच सुरक्षा संस्थेला आढळले आहे. विजेचे ट्रक बॅटरीमुळे वजनदार असतात. जीएमसीचा विजेचा हमर तर चार टनांहून जड! असे धूड वेळेवर थांबणे हे समोरच्या छोट्या मोटारीतल्या कुटुंबाच्या जिवाचे प्रकरण आहे. बाजूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात गाडी आली तर दिवा लावणारी, ट्रेलर जोडताना ट्रक नेमका मागे घेणारी मदतही याच जातीची. नको म्हणणारे कंत्राटदारसुद्धा म्हणाले, “पुढचा ट्रक पेट्रोलचा घेईन, पण ह्या सोयींशिवाय घेणार नाही.”

हात सोडू देणारी मदत दुसऱ्या जातीची. ती सुखाची आहे यात शंका नाही. पण तिच्यामुळे अपघात कमी होतात असा ठोस पुरावा २०२४ पर्यंतच्या तपासणीत या संस्थेला सापडला नव्हता. यंत्र शंभर वेळा बरोबर चालले की माणूस एकशे एकाव्या वेळी बेसावध होतो, आणि नेमके तेव्हाच यंत्र म्हणते, “घ्या आता तुम्ही!”

नर्सबाईंनी हीच गोष्ट माझ्यापेक्षा नेमक्या शब्दांत सांगितली. बारा तासांची रात्रपाळी करून पहाटे त्या घरी येतात. “डोळ्यांवर झापड असते. बटण समोरच असते. ते दाबावेसे ज्या वेळी सर्वांत जास्त वाटते, त्याच वेळी ते दाबणे सर्वांत धोक्याचे. म्हणून मी नियमच केला आहे : ताजीतवानी असेन तरच बटण. झोप आली तर गाडी बाजूला घ्यायची आणि घरी फोन करायचा.” पन्नास डॉलरांच्या वर्गणीत हे शहाणपण मिळत नाही.

तरुण इंजिनियरला मी हे ऐकवले. तो हसला, पण वाद घातला नाही. त्याची पत्नी मात्र बाहेर येऊन आम्हाला आणखी एकेक चहा देऊन गेली.

प्रश्न आता आपल्या दारी

दैवाचा खेळ असा, की ज्यांचे उत्तर ‘हो’ आहे त्यांनाही तोच ट्रक नवा कोरा मिळणे आता कठीण. अमेरिकेत विजेच्या वाहनावर मिळणारी साडेसात हजार डॉलरांची करसवलत ३० सप्टेंबर २०२५ ला संपली. त्याच डिसेंबरात फोर्डने पूर्ण विजेचा लाइटनिंग थांबवून, बॅटरीला पेट्रोलवरच्या जनित्राची जोड असलेला पुढचा अवतार आणण्याचे जाहीर केले. आमच्या कंत्राटदारांनी बातमी वाचून एवढेच म्हटले, “ट्रेलर ओढणाऱ्याचे दुःख कोणाला तरी कळले!”

आपल्याकडेही हे दिवस दूर नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने विजेच्या मालट्रकांसाठी एका ट्रकमागे ९ लाख ६० हजार रुपयांपर्यंत मदत जाहीर केली आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवावा. अमेरिकेत ट्रकचा मालक तोच त्याचा चालक असतो. बटण दाबणारा हात आणि हप्ता भरणारा हात एकाच माणसाचे. आपल्याकडे बहुधा मालक पेढीवर बसतो आणि चालक रात्रीचा घाट उतरतो. तेव्हा “पुन्हा हाच घ्याल काय?” हा प्रश्न शेटजींना अवश्य विचारावा, पण उत्तर लिहून घेण्यापूर्वी, पहाटे नाक्यावर चहाचा ग्लास दोन्ही हातांत धरून उभ्या असलेल्या ड्रायव्हरदादालाही एकदा विचारून पाहावे. त्याला कोणती मदत हवी आहे, जागवणारी की जोजवणारी, ते त्याच्या तांबारलेल्या डोळ्यांकडे पाहूनच कळेल.