सव्वा मिलिमीटर

प्रीमियर पद्मिनीची रुंदी १४६० मिलिमीटर आणि उंची १४६८. म्हणजे ही गाडी जेवढी रुंद, जवळजवळ तेवढीच उंच. लहानपणापासून या टॅक्सीतून फिरलो, मांडीवर पिशव्या घेऊन, मधल्या माणसाच्या कोपराचा मार खात. पण ही गोष्ट ध्यानात आली ती टेप घेऊन एका गॅरेजात तिच्याभोवती फिरलो तेव्हा. आजच्या गाड्या उंचीपेक्षा पुष्कळ रुंद असतात, रस्त्याला चिकटून बसल्यासारख्या दिसतात. पद्मिनी मात्र पाठ ताठ ठेवून चालायची. तिचं सगळं व्यक्तिमत्त्व या दोन आकड्यांत आहे. प्रतिकृतीत हे गुणोत्तर एवढंसं जरी चुकलं, तरी बाकी सगळं अचूक करूनही ती पद्मिनी दिसत नाही.

मला ती १:२४ या प्रमाणात करायची होती. प्रत्येक मापाला चोवीसने भागायचं. ३९३० मिलिमीटर लांबीचे झाले १६४, पुढच्या-मागच्या चाकांमधल्या २३४० चे झाले साडेसत्त्याण्णव, रुंदी आणि उंची दोन्ही एकसष्टच्या घरात. तळहातावर मावेल एवढी गाडी. मी वहीत आकडे मांडत असताना त्या टॅक्सीचे जुने चालक शेजारी येऊन उभे राहिले. जुन्नरकडचे, पस्तीस वर्षं मुंबईत टॅक्सी चालवलेले. सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणू लागलो.

"मापं बरोबर घेताय," ते म्हणाले. "पण गाडी अशी पाटावर बसवल्यागत सरळ नका उभी करू. डिकीत गॅसची टाकी, मागं तीन पॅसेंजर. लोकांनी पद्मिनी मागून बसलेलीच बघितलीय."

मी ते वहीच्या समासात लिहून ठेवलं. त्याचं मोल कळायला पुढे सात महिने गेले.

या गाडीचं मूळ इटलीत. फियाट ११००, तिकडच्या लोकांची 'मिलेचेंतो'. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी अमेरिकी, मग फियाटच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे १९७४ पासून पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, मागच्या पंखांवर छोटे टोकदार उंचवटे. नाव बदललं, बारीकसारीक सजावट बदलली, पण पत्र्याचा साचा जवळपास तोच राहिला. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला झाली. टॅक्सीला वयाची मर्यादा वीस वर्षांची, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून शहरात एकही पद्मिनी टॅक्सी कायदेशीर उरली नाही. माझी वही त्यानंतरच उघडली. जे रस्त्यावर रोज दिसतं त्याची मापं घ्यावीशी आपल्याला वाटत नाहीत, आणि मला याचं मनापासून वाईट वाटतं.

मोटारींच्या प्रतिकृतींची ही कला तशी जुनी आणि जगभर पसरलेली. १:४३ हे प्रमाण खेळण्यातल्या आगगाड्यांच्या मापातून आलं. १:२४ चा हिशेब एका फुटाला अर्धा इंच असा सरळ. प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच विकत आणून जोडणारे बहुसंख्य, आणि त्या संचांत जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीचा दबदबा मोठा. लाकडाच्या धंद्यातून सुरू झालेली ही कंपनी. शुनसाकू तामियांनी १९७६ च्या पोर्शे ९३४ च्या संचासाठी एक खरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि आत काय कसं बसवलंय हे पाहायला ती उकलून काढली. मला या धंद्यातली सगळ्यात आवडती गोष्ट हीच. दुसऱ्या टोकाला इंग्लंडचे जेराल्ड विंग्रोव्ह: संच वगैरे नाही, १:१५ प्रमाणात प्रत्येक भाग स्वतः हाताने घडवायचा. त्यांचं 'द कम्प्लीट कार मॉडेलर' हे पुस्तक वाचून माझ्यासारख्या अनेकांनी पटाशी हातात धरली.

आता मुख्य अडचण सांगतो. आकार चोवीस पटींनी लहान होतो, पण पदार्थ होत नाही. गाडीचा पत्रा असतो साधारण ०.८ मिलिमीटर जाडीचा. त्याला चोवीसने भागलं तर येतात मिलिमीटरचे तीन शतांश, म्हणजे डोक्यावरच्या केसाहूनही पातळ. प्लॅस्टिकच्या पत्र्यात हे शक्य नाही. म्हणून जाडी फक्त जिथे नजर पडते तिथे मारायची: चाकावरच्या कमानीच्या कडा, खिडक्यांच्या चौकटी आतल्या बाजूने तासून धारदार करायच्या. बाहेरून बघणाऱ्याला सगळाच पत्रा पातळ वाटतो. रंगाचंही तेच. खऱ्या गाडीवर रंगाचा थर साधारण शंभर मायक्रॉनचा. तेवढाच थर प्रतिकृतीवर चढला, तर तो खऱ्या गाडीवर जवळपास अडीच मिलिमीटर रंग थापल्यासारखा होतो आणि दरवाज्यांच्या फटी बुजून जातात. प्रकाशसुद्धा लहान होत नाही. शुद्ध काळा रंग लहान वस्तूवर कोळशाच्या खड्यासारखा दिसतो, त्यात आकार हरवतो. म्हणून काळ्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो, तेव्हा कुठे तो दहा पावलांवरून दिसणाऱ्या टॅक्सीचा काळा होतो.

मी आधी शिवणीच्या लाकडात गाडीचा ठोकळा कोरला. शिवण मऊ, तंतू बारीक, आणि पावसाळ्यात फारशी फुगत नाही. समोरून, बाजूने, वरून असे पुठ्ठ्याचे साचे कापून ठेवले होते. दर दहा मिनिटांनी ठोकळ्याला लावायचे, जिथून उजेड दिसेल तिथे थांबायचं, जिथे टेकेल तिथे तासायचं. टपाची गोलाई मी तीनदा केली. फोटोत ती सपाट वाटते, हात फिरवला की कळतं की ती कुठेच सपाट नाही. मग पॉलिस्टायरीनचा एक मिलिमीटरचा पत्रा लाकडी चौकटीत ताणून गरम केला. शंभर अंशांच्या आसपास तो लोंबू लागतो, साय धरलेल्या दुधासारखा हलतो. त्या क्षणी तो ठोकळ्यावर एका दमात खाली दाबायचा. दोन सेकंद उशीर झाला तर तो आखडतो. पाचव्या पत्र्याला टरफल नीट निघालं.

यापुढचं काम म्हणजे थेट डेंटिंग-पेंटिंगवाल्याचं. शब्दसुद्धा तेच. खळगे दिसले की लांबी भरायची, वाळली की पाणी पेपर मारायचा, प्रायमर मारायचा, आणि प्रायमर जे दाखवतो ते निमूटपणे मान्य करून पुन्हा लांबी. करड्या प्रायमरखाली काहीच लपत नाही. दरवाज्यांच्या रेषा ब्लेडच्या पाठीने कोरल्या, कारण धारेने प्लॅस्टिक कापलं जातं आणि कडा वर येतात. पाठीने ते खरवडून निघतं आणि चर स्वच्छ पडते. जुन्या मिलेचेंतोच्या पुढच्या दरवाज्यांची बिजागरी मागच्या बाजूला असे. संदर्भाला त्या मॉडेलचा एक फोटो माझ्या हाती लागला होता, त्यावरून मी हँडल चुकीच्या टोकाला आखलं. काकांच्या टॅक्सीचा फोटो शेजारी ठेवल्यावर ते लक्षात आलं. चर बुजवून पुन्हा कोरली.

रंगाला मी जुलैत हात घातला, ही माझी मोठी चूक. पिवळा रंग दुबळा असतो, काळ्यावर टिकत नाही. म्हणून आधी पांढरा, त्यावर टपाचा पिवळा, मग टप झाकून खाली काळा, असा क्रम. पिवळा छान बसला. काळा मारला त्या दिवशी बाहेर संततधार होती. लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं तेव्हा पृष्ठभाग थंड पडतो आणि हवेतली ओल त्याच्यावर धरते, अगदी थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो तशी. ती ओल रंगात अडकली. अर्ध्या तासात माझी काळी टॅक्सी राखेत लोळल्यासारखी पांढुरकी झाली. सगळी गाडी अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून रंग काढला. काळ्याबरोबर पिवळाही गेला. ऑक्टोबरच्या उन्हाची वाट पाहिली आणि पुन्हा सुरुवात केली.

क्रोमच्या पट्ट्यांसाठी चिकट पाठीचा अति पातळ अॅल्युमिनियमचा वर्ख मिळतो. तो पट्टीवर ठेवून काडीने घासून बसवायचा आणि नव्या ब्लेडने कडेने कापायचा; ब्लेड जुनं असेल तर वर्ख फाटतो. काचांना इन्स्टंट ग्लू चुकूनही लावू नये, त्याच्या वाफेने काच आतून धुक्यासारखी होते. साधा फेविकॉल लावावा, वाळला की दिसत नाही. इंजिनाबद्दल फार लिहीत नाही, बॉनेट बंदच असतं. पण स्पार्क प्लगच्या वायरी सात मिलिमीटरच्या, म्हणजे इथे तीन दशांश. लोहार चाळीतून आणलेल्या वायरचा एक तांब्याचा तंतू बरोबर त्या मापाचा निघाला. एक-तीन-चार-दोन हा स्फोटाचा क्रम धरून त्या जोडल्या. कुणी बघणार नाही, मला ठाऊक आहे.

मीटरवर मात्र मी दोन आठवडे घालवले. जुना यांत्रिक मीटर, गाडीच्या बाहेर, डाव्या बाजूला बॉनेटच्या काठाशी बसवलेला. मुंबईकराच्या मनात टॅक्सीचं चित्र उभं राहतं ते त्या लोखंडी डब्यासकट. हँडल वर म्हणजे गाडी रिकामी, हँडल फिरवून खाली टाकलं की प्रवास सुरू. माझा डबा साडेसहा मिलिमीटरचा, चार तुकड्यांचा, हँडल तारेचं. आकडे छापून चालले नाहीत, शाई पसरली. शेवटी कागदावर मोठे काढून फोटो घेतला, तो लहान करून चकचकीत कागदावर छापला आणि कापून चिकटवला. टपावरच्या कॅरिअरसाठी पितळेची तार डाग देऊन जोडली. डिकी गॅसच्या टाकीने भरलेली, त्यामुळे बॅगा कायम वरच.

मग वय. नवी कोरी टॅक्सी कुणी पाहिली आहे? उजव्या खिडकीच्या कडेवर चालकाचा हात वर्षानुवर्षं टेकून रंग झिजतो, तिथे टोकदार बोळ्याने काळा हलका घासून खालचा करडा उघडा केला. समुद्राच्या खाऱ्या हवेने गंज धरतो तो आधी चाकांच्या कमानींच्या खालच्या कडेला आणि दरवाज्यांच्या तळाशी, जिथे पाणी साचतं. बाजारात गंजाचे रंग महागडे मिळतात. मी देव्हाऱ्याच्या पाटासाठी आणलेला गेरू वापरला. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड आणि गंजही तेच, रंगाचा मेळ घालावाच लागला नाही. इथे हात आवरणं सगळ्यात अवघड. गंज चढवताना मजा येते आणि बघता बघता गाडी भंगारातली होते.

सगळं जोडून टेबलावर ठेवली. मापं बरोबर, रंग बरोबर, मीटर जागेवर. आणि तरी ती टॅक्सी नव्हती. शोरूममधली कुणाची तरी फियाट काळी-पिवळी रंगवल्यासारखी दिसत होती. दोन दिवस काही कळेना. तिसऱ्या दिवशी वहीच्या समासातली ओळ दिसली. जुन्या रस्त्यांचे फोटो काढून पट्टी लावली: भरलेल्या टॅक्सीच्या मागच्या चाकावरची फट रिकाम्या गाडीपेक्षा साधारण तीन सेंटिमीटरने कमी. मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगा दबलेल्या. तीन सेंटिमीटर भागिले चोवीस, सव्वा मिलिमीटर. मागचा आस काढला, खाचा तेवढ्याच वर घेतल्या, पुन्हा बसवला. गाडी मागून बसली, नाक किंचित वर गेलं, आणि मला एकदम दादर स्टेशनबाहेरची संध्याकाळ आठवली.

गाडी घेऊन काकांकडे गेलो. त्यांनी चष्मा बदलला, ती उजेडाकडे धरली, आधी तळ पाहिला, मग खिडकीच्या झिजलेल्या कडेवरून बोट फिरवलं. बराच वेळ बोलले नाहीत.

"मागून बसलीय," ते म्हणाले.

"तुम्हीच सांगितलं होतं काका."

"हो. म्हणजे आत माणसं आहेत." त्यांनी नखाने मीटरकडे दाखवलं. "मग हँडल वर कसं?"

मी खिशातून चिमटा काढला. त्यांनी गाडी दोन्ही हातांत घट्ट धरली, आणि मी तारेचं ते हँडल फिरवून खाली टाकलं.