पोरांसाठी लावलेला रेडिओ

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना भंडारा शहर यायच्या आधी ठाणा पेट्रोलपंप नावाचे गाव लागते. गावाचे खरे नाव ठाणा, पण एसटीच्या कंडक्टरला नुसते ठाणा म्हटले तर त्याला मुंबईकडचे ठाणे आठवायचे, म्हणून की काय पेट्रोलपंप कायमचा नावाला चिकटला. तिथेच जवाहरनगर. 1962 च्या चीन युद्धानंतर देशात जे नवे आयुध निर्माणी कारखाने उभे राहिले, त्यांतला एक इथला. तोफगोळ्यांना लागणारी दारू आणि स्फोटके करणारा. 2021 मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हा कारखाना म्युनिशन्स इंडियाकडे गेला. पुढे 24 जानेवारी 2025 च्या स्फोटात इथले कामगार दगावले आणि उभ्या महाराष्ट्राने जवाहरनगर हे नाव बातम्यांत ऐकले. एरवी ही एक शांत वसाहत. क्वार्टर, शाळा, दवाखाना, बाजार, मैदान आणि पाळीची वेळ सांगणारा भोंगा.

दारूच्या कारखान्याचा एक नियम सगळीकडे सारखा असतो. गेटाच्या आत काडेपेटी चालत नाही, विडी चालत नाही, हल्ली मोबाइलही बाहेर ठेवावा लागतो. ठिणगी पडेल असे काहीच आत न्यायचे नाही. म्हणजे बाप पाळीला गेला की आठ तास जगापासून तुटलेला. घरातला रेडिओ बायकोच्या आणि पोरांच्या हाती. वसाहतीतल्या रेडिओची गोष्ट सांगायची तर ती इथून सुरू करावी लागते.

या वस्तीत झाडीबोली बोलणारे आसपासचे लोक होते, तसे बदलीवर आलेले उत्तरेकडचे, बंगालचे, दक्षिणेचेही. अशा घरांना सगळ्यांत जवळचे मोठे केंद्र म्हणजे आकाशवाणी नागपूर. हे केंद्र 16 जुलै 1948 ला सुरू झाले. तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत-वऱ्हाडची राजधानी होती आणि प्रांत दुभाषी होता, त्यामुळे केंद्रालाही पहिल्यापासून मराठी आणि हिंदी अशा दोन्ही जिभा होत्या. हिंदीतले मोठे कवी गजानन माधव मुक्तिबोध 1950 च्या दशकात इथे नोकरीला होते, हे नागपूरकर अजून अभिमानाने सांगतात. जवाहरनगरच्या कानांना असेच केंद्र हवे होते. शेजारच्या क्वार्टरमधला मुलगा घरी भोजपुरी बोलायचा, मैदानावर हिंदी आणि शाळेत मराठी. रेडिओवरचे मराठी गाणे त्याला अर्थ कळायच्या आधी पाठ झालेले असायचे.

हे ऐकू येण्यामागे मध्यम लहरींचा गुण होता. नागपूर केंद्र 585 किलोहर्ट्झवर. लहर साधारण 513 मीटर लांबीची. अशी लांब लहर दिवसा जमिनीला धरून चालते, वाटेतल्या टेकड्या-झाडांना फारशी जुमानत नाही. एफएमची लहर तीन मीटरच्या आसपास. तिला जवळजवळ सरळ रेषेत नजर पोचावी लागते, म्हणून एफएमचे मनोरे उंच. मात्र रात्र झाली की वातावरणाच्या वरच्या थरावरून दूरदूरच्या केंद्रांच्या मध्यम लहरी परतून येतात आणि खरखर सुरू होते. मुलांचे कार्यक्रम दिवसाउजेडी किंवा फार तर तिन्हीसांजेला असत, तेव्हा पोरांच्या वाट्याला आवाज बराच स्वच्छ आला. बातम्या ऐकणारे आजोबा मात्र रात्री काटा इकडेतिकडे फिरवत बसत.

पण मुलांचा कार्यक्रम मुलांचा असतो, हे मला कधी पटले नाही. निदान आकाशवाणीच्या काळात तरी तो तसा नव्हता. घरात संच एकच. त्यावर सरकारला परवाना फी भरायची, पोस्टात जाऊन पुस्तिकेवर नोंद करून घ्यायची. 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे चालू होते. अशी पैसे मोजून घेतलेली वस्तू फळीवर उंच ठेवलेली, तिच्यावर भरतकामाचा रुमाल. पोरांसाठी लावलेली गाणी स्वयंपाकघरात पोळ्या लाटणाऱ्या आईला ऐकू येत, रात्रपाळी करून आडव्या झालेल्या बापाला अर्धवट झोपेत ऐकू येत, आजीला तर यायचीच. कार्यक्रम करणाऱ्यांना हे ठाऊक होते. म्हणून त्यांनी गोष्ट पोराला सांगितली आणि डोळा आजीला मारला.

मराठीत हे ज्यांना सर्वांत चांगले जमले ते पुणे केंद्राचे लोक. पुणे आकाशवाणी 2 ऑक्टोबर 1953 ला सुरू झाली आणि तिथला ‘बालोद्यान’ हा कार्यक्रम पुढे दोन-तीन पिढ्यांच्या बोलण्यात राहिला. त्यातले ‘नाना’ म्हणजे गोपीनाथ तळवलकर. हे काही रेडिओने शोधून काढलेले नवखे निवेदक नव्हते. वासुदेव गोविंद आपटे यांनी 1906 मध्ये काढलेल्या ‘आनंद’ मासिकाची संपादकी त्यांनी वर्षानुवर्षे सांभाळली होती. मुलांसाठी छापायचे काय आणि वगळायचे काय, याचा त्यांचा हात बसलेला होता. मायक्रोफोनसमोर त्यांनी गुरुजी व्हायचे टाळले आणि नाना झाले. घरात आई-वडिलांपेक्षा नानांचे बोलणे वेगळे असते. ते रागावत नाहीत, त्यांना घाई नसते, आणि ऐकणाऱ्या पोराइतकीच त्यांना गोष्टीची उत्सुकता असते.

त्याच केंद्रावर सई परांजपे निवेदिका म्हणून लागल्या आणि लवकरच मुलांच्या कार्यक्रमात ओढल्या गेल्या. वयाच्या आठव्या वर्षी ज्यांचे ‘मुलांचा मेवा’ हे पुस्तक निघाले होते, त्या मुलीला दुसरीकडे कुठे पाठवणार? पुढे त्यांनी ‘पत्ते नगरीत’सारखी बालनाट्ये लिहिली, नंतर चित्रपट केले. त्यांच्या चित्रपटांतली कान धरून ठेवणारी बोलचाल ऐकली की रेडिओची तालीम कुठे मुरली ते कळते. रेडिओवर चेहरा नाही, हातवारे नाहीत. पोराचे लक्ष सुटले तर ते तुम्हाला दिसतही नाही. तेव्हा वाक्यच असे करायचे की ते सुटणार नाही.

मुंबई केंद्रावर मुलांसाठी ‘गंमत जंमत’ होती. नागपूरलाही मुलांचा वेळ राखून ठेवलेला असे. पद्धत सगळीकडे जवळपास तीच. शाळेतली पोरे स्टुडिओत बोलवायची, गाणे-गोष्ट-नकला करून घ्यायच्या, मध्ये एखादी ध्वनिमुद्रिका. भंडाऱ्याकडचा एखादा मुलगा नागपूरच्या स्टुडिओत जाऊन आला की गावात त्याचे वजन वाढत असे. जाड दार, भिंतींना भोके पाडलेल्या फळ्या, आणि लाल दिवा लागला की खोकायचे नाही! या शिस्तीची वर्णने पुढे कितीतरी दिवस चालत.

आता गाण्यांकडे येऊ, कारण खरी मिळकत ती आहे. 1952 मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हिंदी चित्रपटगीतांनी देशाचा कान बिघडतो असे त्यांचे ठाम मत. चित्रपट निर्मात्यांशी बिनसले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ गेली. लोक रेडिओ सिलोनकडे वळले, अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ घरोघर वाजू लागली. शेवटी 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती सुरू करून सरकारने माघार घेतली. केसकरांची थट्टा करणे सोपे आहे, आणि त्यांची भूमिका चुकलीच होती. पण त्या पोकळीचा एक फायदा मराठीला झाला. आकाशवाणीला स्वतःची गाणी करावी लागली. सुगम संगीताचे विभाग निघाले, पगारी वादक बसले, कवी आणि संगीतकार एकाच इमारतीत आले. मंगेश पाडगावकर मुंबई केंद्रावर होते, यशवंत देव होते, पु. ल. देशपांडे पुण्यात आले. व्यंकटेश माडगूळकर पुण्याच्या ग्रामीण विभागात बसत.

याच पोकळीत 1 एप्रिल 1955 ला, रामनवमीला, पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झाले. सीताकांत लाड यांची कल्पना, ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली. आठवड्याला एक याप्रमाणे वर्षाहून थोड्या अधिक काळात 56 गाणी. ते मुलांसाठी नव्हते, तरी मुलांसकट सगळे घर एका वेळी एका गाण्यापुढे बसले ते बहुधा तेव्हाच. पुढचे गाणे कोणाच्या तोंडी येणार यावर घरात पैजा लागत. आज मालिकांचे भाग एका बैठकीत संपवणाऱ्यांना आठवडाभराच्या या वाट पाहण्याची किंमत समजावून देणे कठीण आहे.

बालगीत मात्र एकट्या आकाशवाणीने घडवले असे म्हणता येणार नाही. चित्रपट आणि ध्वनिमुद्रिका कंपन्यांचा वाटा मोठा. ‘नाच रे मोरा’ हे ‘देवबाप्पा’ या 1953 च्या चित्रपटातले. शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशा भोसल्यांचा. चित्रपट आज कितीजणांनी पाहिला असेल? गाणे मात्र अंगणवाडीपर्यंत गेले ते रेडिओच्या पाठीवर बसून. मीना खडीकरांनी तर पाडगावकरांच्या ‘सांग सांग भोलानाथ’सारख्या गाण्यांना चाली देऊन ती आपल्याच मुलांकडून, योगेश आणि रचना यांच्याकडून गाऊन घेतली. त्याआधी बालगीत म्हणजे बहुतेकदा मोठ्या गायिकेने बारीक केलेला आवाज. त्या मुलांच्या गळ्यात किंचित कच्चेपणा होता, आणि ऐकणाऱ्या पोराला वाटले की हे मलाही येईल. बालगीताचे यश यातच मोजावे असे माझे मत आहे. गोड गायिलेले पण पोराला म्हणता न येणारे गाणे शेवटी मोठ्यांचेच राहते.

जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटे मावत. ही अडचणही पथ्यावर पडली. मुखडा चटकन आला पाहिजे, पुन्हा पुन्हा आला पाहिजे, आणि पोराने कंटाळून उठण्याआधी गाणे संपले पाहिजे.

मुलांसोबत मोठ्यांनी ऐकण्याकडे परत येऊ. इंग्लंडात बीबीसीने 1950 साली सुरू केलेल्या पंधरा मिनिटांच्या कार्यक्रमाचे नावच ‘लिसन विथ मदर’ होते. दुपारी पावणेदोनला, शाळेत न जाणाऱ्या लहानग्याला मांडीवर घेऊन आईने ऐकायचा. तो 1982 पर्यंत चालला. आपल्याकडे असे नाव कोणी ठेवले नाही, कारण ठेवायची गरज नव्हती. एका खोलीच्या घरात आईला वेगळे बोलावणे कशाला?

जवाहरनगरच्या वसाहतीत विविध भारतीचा ‘जयमाला’ही लागत असणार हे सांगायला नको. फौजी भावांसाठीचा कार्यक्रम आणि फौजेचे दारूगोळे करणारी वस्ती. 1972 पासून ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’ रेडिओवर आली, तेव्हा इंग्रजी येणाऱ्या आणि न येणाऱ्या अशा दोन्ही घरांत बाप पोरांच्या शेजारी बसून उत्तरे पुटपुटू लागले. मग दूरदर्शन आले, मुंबईच्या ‘किलबिल’ने मुले ओढली, पुढे खासगी एफएम आले. एफएमवाल्यांनी गाडी चालवणारा तरुण हा एकच श्रोता धरला. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये बालगीत कोण ऐकणार, असा त्यांचा हिशेब. तो व्यापाराला धरून आहे, त्याबद्दल त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. आता मोबाइलवर पोराला हवे ते गाणे हवे तितक्यांदा मिळते. पोराच्या कानात बोंडे, आजी शेजारीच असते आणि तिला काही ऐकू येत नाही.

रेडिओ संपला असे सगळ्यांनी धरून चाललेले असताना 2020 ची टाळेबंदी आली. शाळा बंद. ऑनलाइन वर्ग पूर्व विदर्भातल्या कित्येक गावांत नुसते ऐकण्यापुरते. ज्या घरात फोन साधा, तिथे वर्ग कसला? तेव्हा नागपूर विभागीय आयुक्त कार्यालय, जिल्हा परिषदा आणि ‘प्रथम’ ही संस्था यांनी आकाशवाणी नागपूरला हाताशी धरून ‘शाळेबाहेरची शाळा’ सुरू केली. भंडारा नागपूर विभागाच्या सहा जिल्ह्यांपैकी एक. पालकांच्या साध्या फोनवर कृतीचा निरोप यायचा आणि ठरल्या दिवशी सकाळी रेडिओवर कार्यक्रम. त्यात गाणी होती, खेळ होते, आणि गावांतल्या मुलांच्या, त्यांच्या आयांच्या मुलाखती होत्या. आपल्याच तालुक्यातली एखादी आई रेडिओवर बोलते आहे, धानाच्या बांधीवरून आलेली, थोडी अडखळत, हे ऐकायला घरे पुन्हा एका संचाभोवती जमली. फळीवरचे जुने रेडिओ पुसून सेल घातले गेले. नानांच्या काळचे सूत्र ते हेच, फक्त या वेळी नाना स्टुडिओत नसून गावात होते.

मला यातून एक सुचते. 2006 च्या धोरणापासून संस्थांना सामुदायिक रेडिओ काढता येतो. शंभर वॅट शक्तीचा लहानसा प्रक्षेपक, दहा-एक किलोमीटरचा पल्ला. साताऱ्याच्या दुष्काळी माणदेशात म्हसवडला ‘माणदेशी तरंग वाहिनी’ अशीच 90.4 वर चालते. जवाहरनगरात असे केंद्र निघाले तर तेवढ्या पल्ल्यात ठाणा, शहापूर, कोंढी, सावरी सहज येतील. आणि वाजवायला माल इथेच पडलेला आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात, खिरापत ओळखायला लावतात. पोळ्याला तोरणाखाली बैल उभे असताना झडत्या, म्हणजे मोठ्याने म्हणायची यमकी कवने, होतात, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, लाकडी बैल ओढणारी पोरे त्याच झडत्या आपल्या पट्टीत ओरडतात. वसाहतीत छत्तीसगडी, बंगाली, तेलुगू अंगाई येणाऱ्या बाया सापडतील. हे सगळे ध्वनिमुद्रित करायला आज एक फोन पुरतो. स्टुडिओचा लाल दिवाही लागत नाही.

वेळ मात्र कार्यालयीन सोयीने ठरवू नये. पहिली पाळी सुटून बाप घरी आलेला असावा, पोरे मैदानावरून परतलेली असावीत, आणि मालिका सुरू झालेल्या नसाव्यात. तेवढी अर्धा तासाची फट संध्याकाळी सापडते. कोणत्या क्वार्टरला ती नेमकी कधी सापडते, हे वसाहतीतल्या बायकांना विचारून घ्यावे.